गाडी लावायला गेलेला नवरा

सुरुवात एका मंगळवारी झाली, लीड्समध्ये.
भाजी घेऊन परतताना
मी आपल्या थांब्यावर उतरलेच नाही.
बस रिकामी होत गेली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.
शेवटच्या थांब्यावर एक बंद गिरणी, एक चिप्सचं दुकान,
आणि मी,
बत्तीस वर्षं या देशात काढून
पहिल्यांदाच कुणी न आणता कुठेतरी आलेली.
दहा मिनिटं उभी राहिले. त्याच बसने परत.
घरी कुणाला बोलले नाही.
कोथिंबीर जरा मलूल झाली होती, एवढंच.

मग दर मंगळवारी थोडं लांब.
स्किप्टन. हॅरोगेट. एकदा चुकून ब्रॅडफर्ड.
हळूहळू कळत गेलं:
आधी परतीची शेवटची गाडी बघायची, मग देखावे.
पैसे दोन ठिकाणी, पाकिटात आणि मोज्यात.
वाट चुकली तर रस्त्यात थांबायचं नाही,
लोकरीच्या दुकानात शिरून
गुंडे चाचपत नकाशा उघडायचा.
अवघड गेलं ते एकटीने बसून चहा पिणं.
हातांचं काय करावं सुचत नाही.
समोरची रिकामी खुर्ची कुणी मागितली
की चटकन देऊन टाकते,
आणि मग टेबल उगाच मोठं होतं.

ऑक्टोबरात व्हिटबी. रात्रीचा मुक्काम.
हे म्हणाले, "कशाला?"
आजवर तिकिटं यांच्या शर्टाच्या खिशात,
माझ्याकडे डबा आणि खिडकी.
म्हटलं, "बघायला."
"काय?"
ते मलाही ठाऊक नव्हतं.
शलाकानं फोनमध्ये काहीतरी लावून दिलं;
तिच्या हापिसात आता मी
एक निळा ठिपका आहे, हळूहळू सरकणारा.

गेस्टहाउसच्या दारात डोरीनबाई.
मागे अरुंद जिना, ओल्या कुत्र्याचा वास,
दोन दाढीवाले वाकून बूट काढताहेत.
"एकट्याच?" तिनं सहज विचारलं
आणि माझ्या तोंडून निसटलं,
"छे, मिस्टर गाडी लावताहेत."
गाडी आम्ही दोन वर्षांपूर्वीच विकली,
यांच्या डोळ्यांपायी.

रात्री दाराला आतून खुर्ची टेकवली.
खिडकी वाजत होती.
समुद्र दिसत नव्हता पण होता,
शेजारच्या खोलीत कुणी जागं असावं तसा.
मग खाली दाढीवाल्यांपैकी एक घोरू लागला,
हुबेहूब यांच्यासारखा, मध्येच अडकत.
खुर्ची तशीच राहू दिली.
झोप लागली.

सकाळी टेबलावर दोन बशा.
दोन अंडी, चार टोस्ट, दोन कप,
आणि किटली धरून डोरीनबाई, जिन्याकडे बघत.
थाप मारणं सोपं,
तिला न्याहारी घालणं जड जातं.
"ते यायचे नाहीत," मी म्हटलं.
तिचा चेहरा पडला. खांद्यावर हात आला.
"भांडलात का हो?"

मग मला जे हसू फुटलं ते आवरेना.
सगळं सांगून टाकलं, बस, गिरणी, मोज्यातल्या नोटांसकट.
तिनं किटली खाली ठेवली, समोर बसली,
यांचं अंडं आपल्याकडे ओढलं.
"माझाही असतो ना," म्हणाली.
"अनोळखी गिऱ्हाईक आलं
की मी जिन्याकडे तोंड करून हाक मारते.
नऊ वर्षं झाली. वरच आहे तो."

नंतर टेकडीच्या पायऱ्या चढले.
मोजत होते, साठाच्या पुढे चुकले.
वारा असा की पदर आवरू का टोपी,
मग दोन्ही सोडून दिलं.
एका म्हाताऱ्यानं फोटो काढून देऊ का विचारलं;
फोन त्याच्या हाती देण्याआधी
त्याचे बूट पाहिले. पळण्यातले नव्हते.
त्या फोटोत निम्मं त्याचं बोट आहे,
निम्मी मी.

घरी टीव्हीवरून नजर न काढता यांनी विचारलं,
"काय बघितलंस?"
"समुद्र. आणि तुम्हीही होतात तिथे."
"मी?"
"गाडी लावायला गेला होतात. रात्रभर."
हे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
"मिळाली का जागा?"